आधी विचारणारी बाई

मायनॉट, नॉर्थ डकोटा

प्रिय मार्लिसताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. बिस्मार्कला एव्हाना बर्फ पडला असेल. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही दोघं नवराबायको बरे आहोत. (डेल्फीन म्हणते, ‘बरे’ हा शब्द आता तरी जपून वापर.)

त्याचं असं झालं. उन्हाळ्यात चर्चच्या तळघरातून घडीच्या खुर्च्या वर आणताना मला मधल्याच पायरीवर बसावं लागलं. धाप काही थांबेना. कुणा जाणकाराला दाखव, म्हणून डेल्फीन मागे लागली, तेव्हा मी जिममध्ये गेलो. तिथल्या ट्रेंटचे दंड पाहूनच माझा विश्वास बसला. त्याने ना माझं वय विचारलं, ना आजार. दम लागतोय म्हणजे शरीर जागं होतंय, असं म्हणून त्याने मला दोरखंड आपटायला लावलं. मी काहीही विचारलं, तरी उत्तर त्याच्या मागच्या फळीवरच्या प्रोटीन पावडरच्या डब्यातच असायचं. (व्हॅनिला आणि चॉकलेट.)

शरीर फारच जागं झाल्यावर मी ते सोडलं आणि सेराफिना नावाच्या आहारसल्लागार बाईंकडे गेलो. त्यांनी माझी जीभ पाहिली आणि माझं यकृत दुःखी असल्याचं सांगितलं. पाव, दूध, बटाटा बंद. चर्चच्या जेवणात सगळे बटाटा-चीजच्या गरम हॉटडिशवर ताव मारत असताना मी सेलरीची काडी चावत बसलो. मी उपास धरलाय असं वाटून पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी प्रार्थना केली. धाप होती तिथेच.

शेवटी डेल्फीनने मला आरोग्यकेंद्रातल्या फिजिओथेरपिस्टकडे, नादिया ऑस्टरहाउटकडे नेलं. ती नुसती विचारतच राहिली. धाप कधी लागते, छाती आवळते का, आपले वडील कशाने गेले. मग तिने मला व्हरांड्यात थोडं चालवलं, मनगट धरलं आणि खुर्चीवर बसवलं.

“ऑर्व्हिलकाका, आज मी तुम्हाला काहीच करायला लावणार नाही. हे माझ्या हातातलं काम नाही. हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, आत्ताच.”

मला रागच आला. ट्रेंटकडे निदान डबा तरी मिळाला होता! पण डेल्फीनने गाडी थेट इस्पितळात नेली. रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. आता तिथे स्टेंट आहे, आणि मी नादियाच्या देखरेखीखाली हळूहळू चालतो.

पडल्यापडल्या एकच विचार येत राहिला. ट्रॅक्टर दुरुस्तीला द्यायचा तर मी निम्म्या गावात चौकशी करतो. स्वतःला मात्र दंड बघून देऊन टाकलं. ज्यांच्याकडे उत्तरं तयार होती, ते मला फार आवडले. जिने ‘हे माझ्या हातातलं काम नाही’ म्हटलं, तिच्यावर मी रुसलो. ताई, मला भीती मरणाची नाही वाटली. इतक्या आनंदाने मी मरायला निघालो होतो, त्याची वाटली.

तुझा,
ऑर्व्हिल

ता. क. तुझ्या लेकीचा, लोर्नाचा फोन आला होता. टीव्हीवर औषधी थेंब विकणाऱ्या कुणाचं तरी ऐकून तू रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यास म्हणे. वरचं सगळं त्यासाठीच लिहिलंय.

ता. क. २ : हे पत्र टपालात टाकत नाही. मी येतोय हे आधी कळलं, तर तू शेजारणीकडे जाऊन बसशील. मी तुझ्या दारातच उभा आहे, गाडी चालू ठेवलीय आणि तुझ्या डॉक्टरांना कळवलंय. वाचून झालं असेल तर कोट घाल.