पाय धुवायला आलेले पाहुणे

वाशी,
धनत्रयोदशी, १९८३

प्रिय वैजू,

तुला आणि नंदकुमाररावांना आम्हां दोघांचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नाशिकच्या थंडीत ते तुझ्याआधी उठून बसतात असं तू मागे लिहिलं होतंस, ते वाचून मी हसले आणि मग माझेच दुखायला लागले. नंदकुमाररावांनी मीठ कमी केलं की अजून चोरून लोणचं खातात? तुझ्या व्हरांड्यातला मनीप्लांट कसा आहे? (तो का विचारते ते शेवटी कळेल. मधली पानं गाळून शेवट वाचू नकोस, शाळेत प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाचं तू तेच करायचीस.) इकडे आम्ही ठीक. मधुकर सकाळी गॅलरीत उभे राहून खाडीतले बगळे बघतात आणि दादरला परत जायचं म्हणतात. वर्ष झालं, रोज म्हणतात. मी चहा देते, मग विषय बदलतो.

गेल्या महिन्यात मी दुभाषी झाले होते. हसू नकोस. बेलापूरला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसल्या, सुचित्रा साळवे नावाच्या, नगरकडच्या ख्रिस्ती. खाडीच्या अंगाला, जुन्या मिठागरवाल्याच्या बंगल्यात त्या अनाथ मुलींचा आश्रम चालवतात. बोलता बोलता मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे माझ्या तोंडून गेलं. (ते माझ्या तोंडून नेहमीच जातं. मधुकर म्हणतात, भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक आहे.) मिस साळव्यांनी माझा हातच धरला. अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यातून त्यांच्या चर्चची मंडळी दोन आठवडे मुलींची सेवा करायला येणार होती. मिस साळव्यांना इंग्रजी येतं, पण आश्रम सांभाळून दिवसभर कुणामागे बोलत हिंडणं त्यांना जमणारं नव्हतं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन सिस्टर ब्रिजिटने शिकवलेल्या कविता आरशासमोर म्हणून पाहिल्या.

तर पाहुणे आले. पास्टर एल्मर, माडासारखे उंच, त्यांची बायको डोरथी आणि आणखी सहा जण. सगळी माणसं इतकी चांगली की त्यांना बघून माझाच जीव दडपायचा. त्यांचं इंग्रजी मात्र सिस्टर ब्रिजिटच्या इंग्रजीशी काही नातं सांगत नव्हतं. पहिले दोन दिवस मी नुसती मान हलवली आणि मराठीत स्वतःला सुचेल ते सांगितलं. कुणाची तक्रार आली नाही. त्यांच्या गावच्या बायकांनी मुलींसाठी लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे विणून पाठवले होते. ऑक्टोबरातलं बेलापूर तू पाहिलेलं नाहीस, पापड वाळत घालावेत असं ऊन. मिस साळव्यांनी शिकवण दिलेली, कुणी दिलेल्या वस्तूचा मान ठेवावा. म्हणून बावीस मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकरीच्या टोप्या घालून घामाघूम होऊन फिरत होत्या, आणि डोरथी त्यांचे फोटो काढत होती. (एक हातमोजा मी मागून आणला. आमच्याकडे तो कढई उतरवायला फार उपयोगी पडतो.)

सेवेचं म्हणशील तर ती काही त्यांना करता येईना. त्यांनी झाडू घेतला की मुली काढून घेत. भिंत रंगवायला घेतली की स्वैपाकघरातून सगुणा यायची. सगुणा म्हणजे तिथली स्वैपाकीण, खाडीकाठच्या गावातली, तोंडाने तिखट आणि हाताने त्याहून. ती पास्टरांच्या हातातला ब्रश घेऊन म्हणायची, "पाव्हन्यांनी बसाचं. चाय पियाची." पास्टर माझ्याकडे बघत, मी सांगे, ती म्हणतेय आधी चहा घ्या. असे किती चहा झाले त्याचा हिशेब नाही. शेवटी पास्टर मला हताश होऊन म्हणाले की आम्ही समुद्र ओलांडून सेवा करायला आलो आणि इथे लहान मुलीच आमची सेवा करतायत.

आता खरी अडचण सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आश्रमाला पाणी नव्हतं. बोअरिंगला खारट पाणी लागलं, नळ अजून त्या बाजूला पोचला नव्हता, एक दिवसाआड टँकर यायचा. आणि शंभर पावलांवर गावाची विहीर, पावसाने काठोकाठ भरलेली, गोड पाण्याची. पण त्या विहिरीवर या मुलींना मज्जाव. कोणाच्या पोरी, कुठल्या जातीच्या, कोण जाणे, म्हणून. गावातले मोठे देवजी पाटील, त्यांच्याकडे मिस साळवे तीनदा जाऊन आल्या होत्या. चौथ्यांदा मला बरोबर नेलं. देवजींनी आम्हांला नव्या घराच्या गच्चीपर्यंत सगळं दाखवलं, सरबत पाजलं आणि गोड आवाजात म्हणाले, "बाय, पानी देवाचं हाय. पन विहीर गावाची हाय." आम्ही परत आलो. आश्रमाच्या फाटकाशी तिथली एक मुलगी, पुतळा, उभी होती. नऊ वर्षांची असेल, सांडशीसारखे चिमटे काढत बोलणारी. आमचे चेहरे बघून म्हणाली, "सरबत कोणत्या पाण्याचं होतं?" उन्हाळ्यापर्यंत असंच राहिलं तर मुलींना तीन ठिकाणी वाटून द्यावं लागणार होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं.

मग अष्टमीच्या आदल्या दिवशी पास्टरांनी जाहीर केलं की उद्या आम्ही सगळ्या मुलींचे पाय धुणार. येशूने शिष्यांचे धुतले होते तसे. वैजू, मला एकदम आपलं चॅपल आठवलं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी फादर बारा गरीब माणसांचे पाय धुवायचे आणि आपण दोघी बाहेरच्या खिडकीत चढून बघायचो. त्यात आपला गंगाराम माळी असायचा. फादरांना त्रास नको म्हणून तो सकाळपासून विहिरीवर विटेच्या तुकड्याने पाय घासत बसायचा, आणि त्या दिवशी गुलाबांना पाणी मिळायचं नाही. मुलींचे का नाही धुवत म्हणून तू रडली होतीस, आणि सिस्टर ब्रिजिटने तुला गप्प करायला तुझ्या आईने पाठवलेले डिंकाचे लाडू खायची परवानगी दिली होती. ते पितळी कळशीतून आले होते. तू लाडू मुठीत धरलास, मूठ काही सोडेनास, आणि हात कळशीत अडकला. साबण लावून सिस्टरने तो सोडवला तेव्हा कळशी आपटून तिला पोचा आला. तो पोचा अजून आहे ना?

असो. पास्टरांचं म्हणणं मी स्वैपाकघरात सगुणेला सांगितलं. गुरूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्टही सांगितली. ती कांदा कापायची थांबली.

"गुरूनी? चेल्यांचं?"

"हो."

"मंग तो देवच आसंल." तिने पुन्हा कांदा घेतला आणि एकदम विचारलं, "उद्या अष्टमी हाय ना, बाय? ह्ये गोरे लोक कुमारिका पूजतान?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पाहुण्यांनी गुडघे टेकून लहान मुलींचे पाय धुवायचे, तेही नवरात्रातल्या अष्टमीला, हे कुमारिका-पूजन कसं नाही हे सगुणेला समजावायचं तर मला आधी स्वतःला समजावावं लागलं असतं. मी म्हटलं, तसंच काहीतरी. सगुणा संध्याकाळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमाच्या आवारात अख्खं गाव. बायका नऊवारी नेसून, हातात हळद-कुंकवाची तबकं, केळी, अबोलीचे गजरे, आणि प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर बोटाला मुलगी. परदेशातून माणसं कुमारिका पुजायला आली आणि आपल्या पोरींना वगळलं, हे कुणाला सहन होणार? मुलींचे पाय आधीच घरून घासून धुवून आणलेले, टाचा लालबुंद. (आश्रमातल्या मुलींनीही तेच केलं होतं, टाकीतल्या पाण्याने. पाय धुवून घ्यायचे तर आधी धुतलेले नकोत का? गंगाराम सगळीकडे असतो.) मिस साळवे कुंकवाची तबकं बघून पांढऱ्या पडल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "जयमालाबाई, हे काय केलंत? ही पूजा नाही." मी म्हटलं, मी काही केलं नाही, मी फक्त भाषांतर केलं. पास्टरांचे डोळे भरून आले होते. पंधरा वर्षांत त्यांच्या प्रार्थनेला एवढी माणसं कधी जमली नव्हती. त्यांनी मला विचारलं, ह्या बायका काय म्हणतायत? मी म्हटलं, त्यांना फार आनंद झालाय आणि त्यांनी फुलं आणलीत. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

आवारात सतरंज्या पसरल्या. सगुणेने मुलींना उंचीप्रमाणे बसवलं, त्यामुळे आश्रमाच्या आणि गावाच्या मुली आपोआप मिसळल्या. पुतळा, शेजारी देवजींची नात मीना, मीनाच्या नाकात सोन्याची मोरणी आणि पुतळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. पास्टर आणि डोरथी एकेका मुलीपुढे गुडघे टेकत, पाय धूत, पुसत, आणि डोकं खाली करून मनातल्या मनात प्रार्थना म्हणत. बायकांच्या दृष्टीने तो नमस्कार होता. प्रत्येक वेळी पास्टरांचं डोकं वाकलं की मागून बायका पुटपुटत, "बघ, वाकला. बघ, कसा वाकतंय." त्या लगोलग मुलीला हळद-कुंकू लावत आणि हातात केळं देत. आश्रमाची कोणती आणि गावाची कोणती हे बघायला तेवढा वेळच नव्हता. डोरथीची कुणीतरी ओटी भरली. ती पदर नाही म्हणून फ्रॉकचा घेर धरून उभी राहिली, आणि खण, नारळ, तांदूळ सगळं त्यात मावलं.

आणि पुतळापाशी पाणी संपलं. म्हणजे तिचे पाय धुऊन झाले, पास्टर मीनापुढे बसले, तांब्या बुडवला तर बादली खडखडीत. टाकी रिकामी, टँकर उद्याचा. कुमारिकेला पूजेला बसवून अर्धी पूजा सोडायची, तीही अष्टमीला, तीही देवजी पाटलांच्या नातीची. मीनाचा ओठ थरथरायला लागला. पास्टर मला विचारू लागले, काय झालं? मी म्हटलं, थांबा. सगुणा कंबरेवर हात ठेवून, नातीची पूजा बघायला येऊन बसलेल्या देवजींकडे बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. सगुणा गप्प बसलेली त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात पुतळा उठली. ओल्या पायांनी, कपाळावर मळवट भरलेला, गजरा टोपीवरूनच बांधलेला. तिने प्लॅस्टिकची बादली उचलली आणि फाटकाबाहेर पडली. रस्ता विहिरीकडेच जात होता. सगळ्यांनी माना वळवल्या, पण अडवणार कोण आणि काय म्हणून? घडीभरापूर्वी त्याच पायांना सगळ्यांनी हात जोडले होते. मिस साळव्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत बांगडीचा वळ होता.

ती विहिरीच्या पायरीशी पोचली तेव्हा देवजी उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. मग लांबूनच ओरडून म्हणाले, "ए बाय, सांबाळून. तिसऱ्या पायरीवर शेवाळ हाय."

झालं, एवढंच. त्या पाण्याने मीनाचे पाय धुतले, पुढच्या सगळ्यांचेही. दुसऱ्या सकाळपासून आश्रमाच्या मुली विहिरीवर जातात आणि तिसरी पायरी गाळून उतरतात. पास्टर जाताना मला म्हणाले की आम्ही आलो आणि काहीच करू शकलो नाही, एक भिंतसुद्धा पुरी रंगली नाही. मला त्यांना सगळं समजावून सांगायचं होतं. पण विहीर, अष्टमी, कुमारिका, सगुणेचं गप्प बसणं, हे सगळं सिस्टर ब्रिजिटच्या इंग्रजीत बसेना. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, चहा घ्या.

पत्र लांबलं. मधुकर विचारतायत, पत्र लिहितेस की पोथी? नंदकुमाररावांना आणि मुलांना सांग, आठवण काढते.

तुझीच,
जया

ता.क. हे पत्र टाकायच्या आत एक गोष्ट झाली. आश्रमात नळ आला. परवा दिवाळीतच दोन माणसं येऊन जोडून गेली, आणि पाणी असं जोरात येतं की भांडं हातातून उडतं. म्हणजे वर मी पानंच्या पानं जे लिहिलं त्याची आता कुणाला गरज उरली नाही. मिस साळवे नळाखाली हात धरून रडल्या आणि मग म्हणाल्या, तीन आठवडे आधी आला असता तर? मी म्हटलं, मग पुतळाला कुणी ओळखलं असतं?

ता.क. दुसरा. नळ आला तरी संध्याकाळी मुली सापडत नाहीत. विहिरीवर असतात. मीना असते, गावातल्या सगळ्या असतात. नळावर पाणी एका मिनिटात भरतं, त्यात बोलणं काय होणार? पण गावातल्या मुलींकडे पितळी कळश्या आणि आमच्यांकडे प्लॅस्टिकच्या बादल्या, आणि पुतळा ती बादली फ्रॉकने झाकून नेते. तुझ्या व्हरांड्यातला मनीप्लांट दुसऱ्या कशात तरी लाव. ती कळशी मला पाठव. पोचा तसाच असू दे.

ता.क. शेवटचा. कळशीवर तुझ्या आईचं नाव घातलेलं आहे. ते घासून काढून पाठवावं असं मी तुला लिहिणार होते, परक्या मुलीच्या हातात आईचं नाव नको वाटेल तुला म्हणून. पुतळाला विचारलं. ती म्हणाली, नाव राहू दे. विहिरीवर सगळ्यांच्या कळशांवर कुणाकुणाच्या आईचं, आजीचं नाव असतं. कुणी विचारलंच, तर मला वाचून दाखवता येईल.