डुकरांना पंख फुटतील तेव्हा

मास्तर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावून काय उपयोग, असं आई म्हणते. पण तुम्ही होतात तेव्हा मला तोंड उघडू दिलं नाहीत, मग मी रागवायचं तरी कधी?

तो तास मला अजून दिसतो. गोवा नुकतंच वेगळं राज्य झालंय. कुणाच्या बोलीला हसू नका, अशी भाषणं तुम्ही संध्याकाळी पेडण्याच्या बाजारात देता आणि सकाळी दहावीच्या वर्गात माझ्या मालवणी हेलातल्या इंग्रजीची नक्कल करता. आई काजूच्या बागेत मजुरीला, म्हणून हंगामात माझ्या कपड्यांना काजूफळांचा, पिकल्या बोंडूंचा वास. तुम्ही मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. त्या दिवशी फळ्यावर लिहिलंत, ‘व्हेन पिग्ज फ्लाय’. डुकरांना पंख फुटतील तेव्हा, म्हणजे कधीच नाही. अशक्य गोष्टीची थट्टा करताना वापरायचं. मग वाक्यात उपयोग: माझं नाव, आणि पुढे, ही इंग्रजीत पास होईल, व्हेन पिग्ज फ्लाय. वर्ग खिदळला. शाळेमागे डुकरं फिरायची. सुटल्यावर पोरं ती दाखवून विचारत होती, “पंख फुटले काय गो?”

घरी मी रडले. आई म्हणाली, “नको ता इंग्रजी. ये माझ्यावांगडा बोंडू येचूक.” नापास झाले असते तर आयुष्य त्या बागेतच गेलं असतं. तुम्हाला ते ठाऊक होतं, तरी तुम्ही हसलात.

मी पास झाले. पेढे घेऊन तुमच्या दारात आले. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि विचारलंत, “कोणाचें पळोवन बरयलें गो?” कुणाचं बघून लिहिणार, मास्तर? माझ्या शेजारी तुम्ही कुणाला बसू दिलं होतंत?

आता त्याच शाळेत मी इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात तोच वाक्प्रचार आला. मुलांनी उदाहरण मागितलं. मी लिहिलं, माझे मास्तर माफी मागतील, व्हेन पिग्ज फ्लाय. मुलं पोट धरून हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगते. राग गेलेला नाही. पण लिहून मी फळ्यापासून मागे सरले, तेव्हा त्या वाक्यापुढे कुणीतरी बरोबरची खूण करावी असं फार वाटलं. कुणीतरी म्हणजे तुम्हीच.