आग्रा रोडवर जेवायला कुठे थांबावं

सोनगीर,
ता. ९ जानेवारी १९५८

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. मायला आता अजिबात दिसत नाही, बाकी प्रकृती चांगली आहे.

तीन वर्षांनी आलेलं तुझं पत्र वाचलं. तुझे साहेब पुन्हा मोटारीनं इंदूरला निघालेत, सोबत तू, आणि वाटेत खानदेशी जेवण कुठे चांगलं मिळतं ते कळवायचं. आग्रा रोडवर खानावळ चालवणाऱ्या बहिणीला नाही तर कुणाला विचारणार? लिहून घे.

मालेगावला फक्त चहा घ्या. आर्वीला झिपरूच्या झोपडीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. तो हळूहळू थापतो, घाई करू नका. धुळ्यात शेवभाजी खायची तर स्टँडजवळ नको, नुसतं तेल असतं. भागाबाईकडे जा, मोटार गल्लीच्या तोंडाशी ठेवावी लागेल. तापी ओलांडली की शिरपूरला पंडितची फौजदारी डाळ, ती मात्र गरमच खा.

मधलं सोनगीर मी गाळलं. तूच लिहिलंस, ‘सोनगीरला थांबणार नाही, मागच्या वेळी साहेबांना तिखट बाधलं.’ खोटं तरी धड बोलावं रे! साहेबांनी दोनदा भरीत मागून घेतलं होतं.

मागच्या पौषात तू माझ्या दारात उतरलास. मोटार साहेबांनी थांबवली असणार, तुझ्या तोंडावरूनच दिसत होतं. मी ‘ये’ म्हणायच्या आत तू म्हणालास, ‘बाई, चार पानं वाढा.’ नवरा गेल्यावर याच चुलीवर ट्रकवाल्यांना जेवू घालून जिनं तुला मॅट्रिक केलं, ती बाई. मीही मुकाट्यानं पाणी ठेवलं. अजून चीड येते, तुझी आणि माझीसुद्धा.

आत माय कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती. तेव्हाही तिला अंधुकच दिसायचं. तुझा आवाज ऐकला आणि तिचा हात थांबला.

“हाऊ लीलाना आवाज शे ना?”

“नही माय, मुंबईना कोनी साहेब शे,” मी म्हटलं. मायशी एवढं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि ते तुझी अब्रू राखायला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. लाकडी बडगीत मिरची ठेचायच्या आधी वाटीभर वांगं बाजूला काढलं, मीठ-तेल घातलं आणि म्हणाली, “हाई तेले दे.” लहानपणी तुला तिखट सोसायचं नाही म्हणून ती तुझं भरीत असंच वेगळं काढायची. पहिल्या घासाला तू मान खाली घातलीस, ती पानावरून उठेपर्यंत वर केली नाहीस. म्हणजे तुला कळलं होतं. कळूनही तू आत आला नाहीस.

मोटार गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, “पोटभर जेवना ना?” कोण, ते ती म्हणाली नाही. मीही नाही.

तेव्हापासून दारात मोटार थांबली की ती वाटीभर बिनमिरचीचं काढून ठेवते. उतरणाऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकते. मग ती वाटी तीच संपवते.

म्हणून सांगते. थांबलास तर साहेबांदेखत आधी ‘माय’ म्हणून हाक मार, मगच पानावर बस. ते जमणार नसेल तर सरळ शिरपूर गाठ. चहापुरताही उतरू नकोस. उतरावंच लागलं तर तोंड उघडू नकोस, तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

साहेबांना माझा नमस्कार सांगू नकोस, त्यांना मी कोण ते ठाऊक नाही.

चार पानं वाढलेली बाई,
तुझी अक्का