बुदाईच्या खेकड्यांच्या चाव्या

मी, चुआंग पी-यिन, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ, राहणार बुदाई, तैवान, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव आणणाऱ्या मुलाला शिंपल्यांचे आम्लेट आणायला पाठवले आहे.

१. राहते घर मुलगी यी-आन हिला. बँकेतली शिल्लक मुलगा काय-लुन याला.

२. चिखलात चालायचे उंच बूट शेजारच्या थू बाईंना. त्या ते न विचारता वापरतातच. आता कायदेशीर होईल.

३. इंटरनेटवरचे माझे खेकड्यांचे दप्तर. किनाऱ्यावरचे फोटो आणि नोंदी त्यात आहेत. कोणीही त्या वापराव्यात, भर घालावी, माझी चूक काढावी. ते सुरू केले तेव्हा सहकारी प्राध्यापक औयांग सर्वांदेखत म्हणाले होते, "बाई, संशोधन करताय की अन्नछत्र उघडलंय?" त्यांच्या स्वतःच्या नोंदी तळमजल्यावरच्या कपाटात कुलूपबंद असत. वादळात पूर आला. कुलूप शाबूत राहिले, आत नुसता गाळ.

मग ते अननसाचे केक घेऊन माझ्या दारात.

"तुमच्या नोंदी वापरायची परवानगी हवी होती."

"परवानगी कसली? खुल्याच आहेत की."

"तरी पण तुम्ही हो म्हणा."

"बरं, हो."

ते खुर्चीत बसून रडले. केक मी एकटीने संपवले. तेव्हापासून ते माझ्या प्रत्येक नोंदीखाली "चूक!" असे लिहितात आणि बहुतेकदा बरोबर असतात. ज्या खेकड्याची मी एकच जात समजत होते, त्याच्या दोन निघाल्या, त्या त्यांच्या आणि जपानमधल्या ओकिनावाच्या एका शिक्षिकेच्या तिथल्याच भांडणातून.

४. काय-लुनच्या कंपनीला हे दप्तर विकत हवे आहे.

"अगं आई, तू फुकट वाटतेस त्याचे ते पैसे देतायत!"

"मग फुकट घ्या म्हणावं."

"फुकट घेतलं तर बाकीचेही घेतील ना!"

म्हणून दप्तराच्या सर्व चाव्या, म्हणजे पासवर्ड, औयांग यांना. अट एकच: कुलूप लावायचे नाही.

५. औयांग साक्षीदार म्हणून सही करायला आले होते. वकील यू म्हणाले, "ज्यांना काही मिळतंय, त्यांना साक्षीदार होता येत नाही, सर." थू बाई बुटांमुळे आधीच बाद झाल्या होत्या. औयांग भडकले, "मला काय मिळतंय हो? ते तर सगळ्यांचंच आहे!"

हे वाक्य मुद्दाम नोंदवते. त्यांच्या तोंडून ते ऐकायला मला म्हातारे व्हावे लागले.

सही: चुआंग पी-यिन
साक्षीदार: यू शिन-रू, वकील, चिएन को-वेइ, पोस्टमन (पत्र द्यायला आले, बसवून घेतले)
बुदाई, १२ मार्च २०२४