कळशीतलं पाणी आणि काचेतले मासे

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही, तुझं बोलणं मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. रत्नागिरीला सासरी तूच मला पाठवलंस, गुहागरच्या घरून, डोळे कोरडे ठेवून. पण माझी मुलगी तू पाहिली नाहीस. सात वर्षांची आहे. हनुवटी तुझी, रुसणं तुझं, आणि यंदा दिवाळी झाली तसा तिला तापही तुझाच आला. विषमज्वर. डॉक्टरांनी नाव घेतलं आणि त्या शब्दाबरोबर मला तूच दिसलीस, माजघरात निजलेली, ओठ सुकलेले, मला न ओळखणारी. तिचा ताप पुढे उतरला. पण डॉक्टर बजावून गेले की हा ताप जाता जाता उलटतो, पोरीला अंथरुणावरून हलू द्यायचं नाही, आणि पाण्याला फार जपायचं. पाण्यातूनच येतो म्हणे हा ताप. तेव्हापासून मी पाण्याच्या मागे लागले.

निजून राहायला कुठलं मूल तयार असतं? मुलीच्या वडिलांची नोकरी मुंबईला, गोदीत. त्यांना एका खलाशाकडून काचेची एक पेटी आणि परदेशी रंगीत मासे मिळाले. ते आगबोटीतून मांडीवर धरून त्यांनी इथवर आणले. बोटभर लांबीचे मासे, कुणी तांबडे, कुणी निळसर पट्ट्यांचे, आणि शेपट्या रेशमी झालरीसारख्या. मुलीच्या उशाशी पेटी ठेवली आणि पोर जी गप्प झाली ती झालीच. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. म्हणाल्या, "अगो, मासा तव्यावर बघायचा. ह्यो काचंत बघून काय पोट भरतंय?" तेही हसले. परत निघताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की पाणी स्वच्छ ठेव. हे मला सांगायला हवं होतं का? मी तुझी मुलगी.

तुझी तांब्याची कळशी माझ्याकडे आहे. सासरी निघताना तू तीच दिलीस, दागिना देतात तशी पदराखालून. ती देताना जे म्हणालीस ते आधी शंभरदा म्हणाली होतीस, "तांब्यात किडा जगत नाही. प्यायचं पाणी रात्रभर ह्यात राहू दे." आणि लहानपणी मी एकदा उष्टा पेला कळशीत बुडवला होता तेव्हा तू भरलेली कळशी माझ्यासमोर पोफळीच्या मुळात ओतलीस, मला विहिरीवर पाठवलंस आणि परत भरून आणेपर्यंत जेवायला वाढलं नाहीस. तो धडा मी विसरलेली नाही. अजून रोज कोकमाच्या सालींनी कळशी घासते, आरशासारखी होईतो. माशांना पाणी घालायचं तर तेही मी त्याच कळशीतलं घातलं. घरात त्याहून चांगलं पाणी नव्हतं. रोज सकाळी पेटीतलं जुनं पाणी उपसायचं, काचेवरची शेवाळाची बुळबुळ पुसून काढायची आणि रात्रभर ठेवलेलं पाणी भरायचं. पेटी अशी लखलखायची की शेजारपाजारच्या बायका बघायला येत.

आणि मासे मरायला लागले. पहिला तांबडा गेला. सकाळी पाण्यावर आडवा तरंगत होता. मुलगी म्हणाली, "आई, तो निजलाय का गं?" मी म्हटलं, हो, आणि तिचं लक्ष नाही असं बघून पदरात घेतला. मग दुसरा. मग एकाच दिवशी दोन. मरायच्या आधी ते वर येऊन तोंडं उघडीत, धाप लागल्यासारखे. त्या तोंडांकडे बघता बघता मी पोरीकडे वळून बघायचे, कारण पेटीत जे पाणी तेच माझी पोर पीत होती. उकळलेलं असेना का, पाणी त्याच विहिरीचं, त्याच कळशीतलं. मी विहिरीत वाकून बघितलं. तिथले काळे बारके मासे मजेत फिरत होते. त्याने माझं समाधान झालं नाही. मी पाणी दोनदा गाळायला लागले, कळशी दोनदा घासायला लागले, पेटी दोनदा धुवायला लागले. जितकं जपावं तितके मासे जास्त मरत होते. दर तासाला पोरीच्या कपाळाला हात लावून बघायचे. तीही कंटाळून म्हणायची, "तुझाच हात गरम आहे."

मग मी एक गोष्ट केली. परसात, केळीच्या आडोशाला, पितरांना ठेवतात तशी तुझ्या नावाने पानावर दहीभाताची वाडी ठेवली. लेकीने ठेवायची पद्धत नाही हे मला ठाऊक आहे. हात जोडून म्हटलं, आई, नात बघायची राहिली म्हणून तुझा जीव घुटमळत असेल, पण तिला नेऊ नकोस. नेल्यावाचून राहवत नसेल तर हे मासे ने. दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा मेला, पोरीचं कपाळ गार होतं, आणि आई, मला हायसं वाटलं. तेव्हापासून मेलेला मासा दिसला की आजचा दिवस टळला असं वाटायचं.

मध्येच मी बाजूला बसले. चार दिवस पाण्याला शिवायचं नाही, पोरीजवळ जायचं नाही. पडवीतल्या घोंगडीवर बसून दारातून तिचा पाय आणि पेटीचा एक कोपरा तेवढा दिसायचा. सगळं सासूबाईंच्या हाती. मी ओरडून सांगितलं, माशांचं पाणी कळशीतलं घाला. त्या म्हणाल्या, "माशांना तांब्याचं पानी? देवाला बसवायचे हायत काय ते? त्या माशांच्या वासाला कळशी नाय द्यायची मी. इहिरीवरचं घातलंय डब्यानं, जराशीक. तेवढं बास." मी विचारलं, काच पुसलीत का? "मला काय दुसरा धंदा नाय?"

त्या चार दिवसांत एकही मासा मेला नाही. पोर आतून आनंदाने सांगायची, "आई, सगळे आहेत, सगळे जेवले." सासूबाई म्हणाल्या, "माज्या हाताला गुन हाय." मी मात्र पडवीतून दाराकडे डोळे लावून बसले होते. कुणाला काय सांगणार? तू मासे न्यायचं थांबवलंस, म्हणजे आता पोरीची पाळी, एवढंच माझ्या डोक्यात. दिवसातून कितीदा तरी मी दारातूनच विचारायचे, अंग बघा हो तिचं, आणि त्या म्हणायच्या, "गार हाय गो, किती येळा सांगू?" शेवटच्या दिवशी काचेचा कोपरा हिरवट दिसायला लागला. त्या हिरव्या पाण्यात पट्टेवाला मासा आरामात शेपटी हलवत होता, आणि एकाएकी तुझं वाक्य कानात आलं. तांब्यात किडा जगत नाही. किडा जगत नाही, तर एवढासा मासा कसा जगेल? तुझी कळशीच त्यांना मारत होती. आणि मी ती घासून घासून जास्तच मारू देत होते.

आधी मी घाबरले ते पोरीसाठी. त्याच दिवशी डॉक्टर आले, तेव्हा पडवीतूनच विचारलं. ते हसले. म्हणाले, माणसाला त्या पाण्याने काही होत नाही, खुशाल पाजा, माशांना तेवढं विहिरीचं घाला, आणि रोज रोज बदलू नका. पोरीची नाडी बघून म्हणाले, आता धोका टळला, उद्या हिला उशीला टेकवून बसवा.

दुसऱ्या सकाळी न्हाऊन मी घरात आले. सगळं कळलं होतं. तरीही मी कळशीतून तांब्या भरून घेतला आणि पेटीपाशी जाऊन उभी राहिले. मला वाटलं, डॉक्टर डॉक्टरांचं सांगतात, तुझं-माझं ठरलेलं त्यांना कुठे माहीत? आजचा एक मासा तुला दिला तर काय बिघडलं? तेवढ्यात पोर जागी झाली. उशीला टेकून आपली आपण उठून बसली आणि म्हणाली, "आई, आज नको घालूस, आजीने काल घातलंय." मी तांब्या परत नेऊन ठेवला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. ती उठली नसती तर मी ते पाणी ओतलं असतं.