पहाडात खर्रा सोडण्याचा बेत

१० मे, गोंदिया

उद्या मनालीला निघायचं. मी, कैलाश आणि धर्मेंद्र. कैलाशच्या दुकानात तिघांनी शपथ घेतली की विमानात पाय ठेवला की खर्रा बंद. प्लास्टिकच्या पन्नीत चुना घालून घोटलेली सुपारी-तंबाखू, त्यात आहे काय एवढं! शपथ घेताना तिघांच्याही तोंडात होता, पण तो शेवटचा म्हणून.

डॉक्टर म्हणाले, तोंड आखडलं, उघडलं तरी दोनच बोटं जातात, आता तरी सोडा. घरी कसा सुटणार? चौकाचौकात ठेले. पहाडात हवाच अशी असते की तलब येत नाही, हे मी अल्काला समजावलं. खरं तर बर्फ तिला बघायचा होता, लग्न झाल्यापासून. ती म्हणाली, "जा, पण सोडूनच या. मंग दिवाळीत आपण दोघं जाऊ." बायको समजूतदार आहे.

बॅगेत एकच पुडी ठेवली आहे. मोह समोर असल्याशिवाय निर्धार तपासता येत नाही.

११ मे, विमानात

नागपूरला येताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा आणि शेवटचा खर्रा. साकोलीला त्याच्या नंतरचा. विमानतळावर त्याच्याही नंतरचा. तो विमानात शिरण्याआधी तोंडात टाकला होता, म्हणून शपथेत येत नाही.

थुंकायला जागा नाही. सीटच्या खिशात कागदी पिशवी सापडली. हवाईसुंदरीने विचारलं, उलटी होते का? मी मान हलवली, बोलता येत नव्हतं. ती बिचारी सारखी पाणी आणत राहिली. कैलाश आणि धर्मेंद्रही गप्प. निर्धाराने माणूस गंभीर होतो.

१३ मे, मनाली

डोकं ठणकतं. झोप नाही. भाजीला चव नाही. इथे ऑक्सिजन कमी आहे, दुसरं काही नाही.

पुडी कालच संपली, म्हणजे व्यसनही संपलं. तरी माहिती असावी म्हणून बाजारात चौकशी केली. पानवाल्याला घोटणं हा प्रकारच ठाऊक नाही. फारच मागासलेला प्रदेश.

मित्र मजेत आहेत. त्यांची इच्छाशक्ती पाहून चीड येते.

१४ मे, सकाळ

अल्काचा फोन. "कसं वाटून राहिलं?" मी सांगितलं, एकदम सुटला, तोंडात तीन बोटं जातात. मोजली नव्हती. ती इतकी खूश झाली की तिने तिथूनच मंजूला, म्हणजे तिच्या बहिणीला, ओरडून सांगितलं. मला वाईट वाटलं. आता खरंच सोडायचा. तसाही जवळ नाही.

१४ मे, दुपार, घाटात

टिंकू ड्रायव्हर वळणावळणावर ओरडतो, "साहब, वो देखो!" मी धर्मेंद्रचा गाल बघत होतो. हलत होता. विचारलं, काय खाऊन राहिला बे? म्हणे, लवंग. लवंगेला चुन्याचा वास कसा येईल? गाडी थांबवली. त्याच्या टोपीतून पुड्या निघाल्या. कैलाशच्या मोज्यातूनही निघाल्या. गोंदियापासून आणलेल्या! मित्र म्हणून या माणसांची लाज वाटली. खूप बोललो. मग वाटणी झाली.

दरीकडे पाठ करून, वारा लागू नये असे बसून खाल्ला. डोक्याचं ठणकणं लगेच थांबलं. म्हणजे ऑक्सिजन वाढला असावा. टिंकूने तिघांचा फोटो काढला. मागे बर्फ होता, म्हणून अल्काला पाठवला. तेवढाच आनंद तिला.

१४ मे, संध्याकाळ

अल्काचा मेसेज आला. "फोटो पाहिला. तिघांचाही एक-एक गाल फुगून आहे. दिवाळीची वाट कायले पाहू? तुम्ही आले का मी अन् मंजू बर्फ पाहाले जाऊन राहिलो. घर पाहा, भात लावता येते ना?"

धर्मेंद्रने पुडी पुढे केली, नको म्हटलं. थोड्या वेळाने घेतली.

फोटो मोठा करून पाहिला. आमच्या मागे फार सुंदर पहाड आहे. मी तिथेच होतो, पण पाहिला नव्हता.