मंगळवारचा फोन

केज,
८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. राजनंदिनीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तू, हनुमानराव, मामा-मामी आणि आमची भाची संस्कृती खुशाल असाल. थंडीत आईचा गुडघा धरला होता, आता उन्हं वाढली तसा सुटलाय. हरभरा काढून झाला. माझ्या वर्गात यंदा पोरं कमी, दंगा मात्र तेवढाच.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोन केला की तुझे सासरे, मामाच, उचलतात. कधी "झोपलीय" म्हणतात, कधी "देवाला बसलीय." एवढी झोप तुला माहेरी कधी नव्हती. म्हणून म्हटलं, लिहावं.

एक सांगायचं राहिलंय. गरोदर बायांसाठी ते 'पाळणा' नावाचं ॲप आहे ना, आशाताईंनी तुझं नाव घातलंय ते, त्यातून दर मंगळवारी फोन येतो. त्यातला आवाज माझा आहे. मागच्या उन्हाळ्यात संस्थेचे लोक शाळेत आले होते. शहरातल्या बाईचा आवाज लावला तर आपल्याकडच्या बाया फोन ठेवून देतात म्हणे. भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत बसून मी नऊ महिन्यांचं सगळं बोलले. तू ओळखलं असशील. ओळखून ठेवून देत असलीस तरी माझी हरकत नाही, पण उत्तर दिल्याशिवाय ठेवू नकोस. सगळं ठीक असेल तर एक दाबायचं, त्रास असेल तर दोन. दोन दाबलं की आरोग्य केंद्रातली नर्स घरी येते.

पायावर सूज आहे का गं? मागच्या खेपेला होती, म्हणून विचारते.

जुनं काही उगाळत नाही. सहा वर्षं झाली, पुरे झालं. दोन ओळी लिही.

तुझी,
ताई


केज,
२६ फेब्रुवारी

राजी,

हे पत्र जाहेदाखालाच्या बांगड्यांच्या डब्यातून येईल. पोस्टाने पाठवलेलं तुझ्यापर्यंत पोचलं नाही, हे आता मला माहीत आहे. वाचून झालं की चुलीत टाक.

जाहेदाखाला रविवारी बाजारात भेटली. तुला बांगड्या भरायला तुझ्या सासूने बोलावलं होतं ना तिला? मला बाजूला घेऊन म्हणाली, "स्वप्नाबेटी, पोरीला सव्वादोनची बांगडी यायची. परवा पावणेतीनची चढंना. हात असे फुगलेत की बोटानं दाबलं तर खड्डाच राहतोय. डोकं धरून बसली होती. मला म्हणली, खाला, तुमी दोन दोन दिसायलाव."

मंगळवारी रजा टाकून मी दिंद्रुडला आले. तुला कुणी सांगितलं नसेल.

मामा ओसरीवर कोचावर बसले होते. आगतस्वागत नेहमीसारखं. "या या, बाई. लई दिवसांनी वाट वाकडी केली." मामींनी चहा आणला. बशीत अर्धा चहा सांडलेला. तुला बघायचंय म्हटलं तर मामा म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. कावून उठवायचं?" आतल्या खोलीचा पडदा वाऱ्याने हलला तेव्हा खाटेवरून लोंबणारं तुझं पाऊल मला दिसलं. जोडवी नव्हती. पाऊल तुझंच आहे हे ओळखायला मला वेळ लागला, राजी.

तेवढ्यात कोचावरचा फोन वाजला. तुझा फोन. मामांनी उचलला, आवाज मोठा केलेलाच होता. मी ऐकलं ते माझंच बोलणं होतं. "नमस्कार ताई. बरी आहेस ना? डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढं अंधारी येते का? हातापायावर, तोंडावर सूज आहे का?" मी समोर बसलेली, हातात चहा. मामांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. अंगठ्याने एक दाबलं, फोन उपडा ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. "दर आठवड्याचंच हाय हे. नसता ताप. तिला कशाला तरास द्यायचा, म्हणून मीच उरकतो."

मी चहा संपवला. त्यांच्या दारात बोलले असते तर पुन्हा पाय ठेवू दिला नसता.

जीपपर्यंत सोडायला हनुमानराव आले. खाली मान घालून चालत होते. वेशीपाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, आमच्या तात्यांनी पाडव्याचा मुहूर्त काढलाय. खाजगीत आपरेशनची तारीख घेतलीय. पाडव्याला जन्मलेलं पोर गाव चालवतं म्हणत्यात. सरकारी दवाखान्यात दाखवलं तर ते लोक लगेच भरती करून घेतील, मंग मुहूर्त हुकंल."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय," म्हणाले. "नर्सबाई दोनदा येऊन गेल्या. तात्यांनी गेटावरूनच वाटंला लावलं त्यांना."

राजी, तुला सांगितलं नव्हतं ते आज सांगते. या घराचं स्थळ आधी मला आलं होतं, मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, तू सोडलेलं घर मला मिळतंय म्हणून तुझं पोट दुखतंय. तसं नव्हतं गं. त्या दिवशी आपल्या अण्णांनी हनुमानरावांना शिक्षण विचारलं, मामांनी सांगितलं. शेतीचं विचारलं, तेही मामांनीच सांगितलं. चहात साखर हवी का म्हटलं, तर "त्याला चालत न्हाई" असं मामा म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याऐवजी बोलणारं कुणीतरी कायम शेजारी बसणार हे मला दिसलं.

आता ऐक. मी आरोग्य केंद्रात नर्सबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, ही लक्षणं साधी नाहीत, रक्तदाब चढलेला असणार. झटका येऊ शकतो. पाडव्यापर्यंत थांबण्यासारखं हे नाही. ॲपवर तुझ्या नावापुढे पहिल्या दिवसापासून सगळं ठीक लिहिलेलं आहे, म्हणून वरून कुणी विचारत नाही. पण तू एकदा हो म्हणालीस तर त्या गाडी घेऊन दारात येतील, मी बरोबर असेन.

लिहायची गरज नाही. जाहेदाखाला डबा परत न्यायला येईल तेव्हा तिला फक्त 'हो' म्हण.

भिऊ नकोस असं लिहिणार होते. पण मीच भ्यालेय.

ताई


अंबाजोगाई,
११ मार्च २०२६

श्री. सुंदरराव मामा यांस,
नमस्कार.

आपला निरोप मिळाला. मी राजनंदिनीला पळवून आणलं असं आपण गावात सांगताय, हेही कळलं. म्हणून होळीच्या दिवशी, ग्रहणात जे झालं ते एकदा लिहून आपल्या हाती देते.

तिचा होकार माझ्याकडे आदल्या दिवशी आला. कसा आला ते लिहीत नाही. दुपारी नर्सबाई, मी आणि सरकारी गाडी आपल्या गेटाशी होतो. गेटाला कुलूप होतं. आपण आतून म्हणालात, "आज गिराण हाय. गिराण सुटल्याबिगर गरवार बाई उंबरा ओलांडत न्हाई. सांजच्याला या." नर्सबाईंनी हात जोडले. आपण खुर्ची गेटासमोर ओढून बसलात.

आत तिला काहीही खाऊ न देता, हलू न देता सकाळपासून बसवलं होतं. पाणीसुद्धा नाही. मग आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि संस्कृती ओरडली, "मम्मी कशी करायली बघा!" आपण उठला नाहीत. "अंगात आलं असंल," म्हणालात. हे मी गजांमधून ऐकलं, मामा. नर्सबाईंनीही ऐकलं.

हनुमानराव तिला उचलून अंगणात आले. तिचे दात बसलेले, तोंडाला फेस, डोळे पांढरे. आपण दोन्ही हात पसरून आडवे झालात. "गिराणात बाहीर काढलीस तर पोराचं वाटोळं होईल, हनम्या!" आजवर आपल्यासमोर मान वर न केलेला तो माणूस म्हणाला, "तात्या, बाजूला व्हा. न्हाईतर तुमाला तुडवून जाईन." कुलूप उघडलं. किल्ली कुणी दिली हे घरात विचारू नका. विचारलंत आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला असं कानावर आलं, तर मी पुन्हा दिंद्रुडला येईन, आणि तेव्हा चहाला येणार नाही.

गाडीत तिला आणखी एकदा झटका आला. जीभ चावली गेली. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते, ती जाते की राहते ते मला कळत नव्हतं. तिच्याशी बोलत राहा असं नर्सबाई म्हणाल्या, आणि मला एक शब्द सुचला नाही.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. मुलगा आहे. मूठभर आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय. डॉक्टर अजून छाती ठोकून काही सांगत नाहीत. राजनंदिनी शुद्धीवर आली, पण तिला नीट दिसत नाही. माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. नजर हळूहळू येईल म्हणतात. झटक्याआधीचे काही दिवस तिला आठवत नाहीत. काल चाचपडत माझा चेहरा धरला आणि विचारलं, "ताई, मंगळवारी मला कुणी फोन देत नव्हतं. मग त्या फोनला उत्तर कोण द्यायचं?" मी म्हटलं, आधी बरी हो. तिला उभं राहता येऊ दे, मग मी सांगेन.

आपला निरोप असा आहे की बाळ-बाळंतीण पाडव्याला घरी आणा, शांती करू, ग्रहणात जन्मला हे बाहेर सांगू नका. आणि मोठी पोर आमच्यापाशीच आहे, तिची आई येईल तेव्हा तिला भेटेल. निरोप आणणाऱ्याने हे शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. आपणच तसं सांगायला लावलं असणार. मला ते पहिल्या वेळीच समजलं होतं.

बाळ-बाळंतीण पाडव्याला येणार नाहीत. कधी येतील, येतील की नाही, ते राजनंदिनी ठरवेल, तिच्या तोंडाने.

शुक्रवारी सकाळी हनुमानराव संस्कृतीला न्यायला येतील. मी आणि नर्सबाई बरोबर असू, पोलीस पाटलांनाही कळवलंय. पोरीने आईला तसं पडलेलं पाहिलंय आणि त्यानंतर आईला एकदाही पाहिलेलं नाही. ती रात्री काय करते, कुणाजवळ झोपते, जेवते का, हे मला इथे कुणीच सांगत नाही. आपण फोन उचलत नाही.

गेट उघडं ठेवा.

आपल्या सुनेची थोरली बहीण,
स्वप्ना